कामाला बसते साडेनऊला, काम सुरू होतं पावणेबाराला. मधले सव्वादोन तास कुठं जातात?

खतावणी (जुळे सोलापूर), ५ तारीख

नमस्कार. आधी माझं काम सांगते, म्हणजे "फोन बंद करून ठेवा" असं लिहिणाऱ्यांचे कष्ट वाचतील.

मी घरातून जीएसटीची आणि हिशेबाची कामं करते. गिऱ्हाईकं २२. टॉवेलचे कारखानदार ९, सुताचे व्यापारी ४, बाकी किराणा, हार्डवेअर आणि एक मंडपवाला. महिना तारखांवर चालतो. ११ ला विक्रीचं रिटर्न, १४ ला पोर्टलवर २बी येतं (विकणाऱ्यांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीची यादी), २० ला ३बी (कर भरायचं रिटर्न). तीन महिन्यांतून एकदा रिटर्न भरणारे तिमाहीवाले असतील तर १३ आणि २२. एक दिवस चुकला की ३बी ला ५० रुपये रोज लेट फी, आणि ते पैसे गिऱ्हाईक माझ्याच बिलातून कापतं. म्हणजे आळस परवडण्यासारखा धंदा नाही.

मुलगा सातला रिक्षात बसतो. हे साडेआठला चिंचोळी एमआयडीसीला निघतात. भाकरी, भांडी, सासूबाईंच्या गोळ्या उरकून मी साडेनऊला टेबलाशी. लॅपटॉप उघडते, हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली उघडते. समोर सुताच्या व्यापाऱ्याची पिशवी. खरोखरची पिशवी हं, साड्यांच्या दुकानातली, त्यात महिन्याची खरेदीची बिलं कोंबलेली. ती एकेक काढून २बी शी जुळवायची. कुणाचा नंबर चुकलेला, कुणी बिल दिलंय पण रिटर्नमध्ये दाखवलंच नाही, कुणाची रक्कम बारा रुपयांनी कमी.

आणि मग मी ती पिशवी सोडून जगातल्या प्रत्येक गोष्टीला हात लावते.

कुणाचा ओटीपी आलाय का म्हणून व्हॉट्सॲप बघते. ओटीपी नसतो, मावसबहिणीच्या मुलीच्या हळदीचे ४३ फोटो असतात. ते बघते. मग सोन्याचा भाव. घ्यायचं काही नाही, पण भाव बघते. मग चहा. मग गॅलरीतले कपडे वाळले का ते बघायला जाते. सोलापुरात कपडे वाळले का हे बघावं लागत नाही, दांडीवर टाकतानाच वाळतात. मागच्या मंगळवारी मी डिंकाची बाटली घासून धुतली. डिंकाची बाटली!

पावणेबाराला कुणीतरी शेट फोन करून आवाज चढवतो, "मॅडम, आमचं काय झालं?" मग मी अशी बसते की तीन तास मान वर नाही. म्हणजे लक्ष लागत नाही अशातला भाग नाही. लागलं की लागतं. लागायच्या आधीचा जो उंबरठा आहे तिथंच मी रोज पाय आपटते. मग रात्री अकरापर्यंत जागून भरपाई करायची, सकाळी डोळे जड, पुन्हा तेच.

अजून एक, विचित्र वाटेल. माझं माहेर अशोक चौकाकडचं. पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार यंत्रमाग, मागं आम्ही. दहावीचा सगळा अभ्यास मी त्या खटखटीत केला आणि बरे मार्क पाडले. आता फ्लॅटमध्ये चिडीचूप शांतता आहे, आणि मला शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात.

मला अ‍ॅप नको, सकाळी चारला उठायचा सल्ला नको. उंबरठा ओलांडायचा कसा, तेवढं सांगा.

---

अभ्यासिका_खुर्ची_१४

ताई, मी एमपीएससी करतोय, सात रस्त्याजवळच्या अभ्यासिकेत बसतो. आमच्याकडं आत शिरताना फोन पेटीत टाकायचा. पहिले दोन दिवस हात खिशाकडं जायचा, मग थांबला. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी असं लावून बघा. त्याला पोमोडोरो म्हणतात. २१ दिवस न चुकता केलं की सवय लागते. मी ९ व्या दिवशी चुकलो, ते वेगळं.

---

खतावणी

भाऊ, पहिलं वाक्य वाचलंस का? रिटर्न फाइल करताना ओटीपी गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जातो, ते मला पाठवतं, आणि तो थोड्या मिनिटांत बाद होतो. माझा फोन पेटीत गेला तर शेट पेटतील.

पंचवीस मिनिटांचंही केलंय. गजर लावते आणि त्या पंचवीस मिनिटांत पेन्सिलींना टोक करते. तुझ्या परीक्षेला शुभेच्छा मात्र मनापासून.

---

सरळ_रेषा

एवढा विचार कशाला? बसायचं आणि करायचं.

---

खतावणी

सुचलंच नव्हतं बघा.

---

पुण्यात_अडकलेली

मी पण सोलापूरची, होटगी रोडची, आता पुण्यात कर सल्लागाराकडं नोकरी करते. तुझी पिशवी मी ओळखते गं, आमच्याकडं ती पोत्यात येते.

तू एका खुर्चीत दोन वेगळी कामं करतेस आणि दोन्हींना एकच नाव देतेस. ओटीपी कधी लागतो? फाइल करताना. २बी जुळवताना लागतो का? नाही. नोंदी टाकताना लागतो का? नाही. म्हणजे महिन्यातल्या बहुतेक सकाळी तुझा फोन हातात असायचं कारणच नाही. ओटीपी हे तुला मिळालेलं सरकारमान्य निमित्त आहे. रागावू नको, मला पण दोन वर्षं हेच निमित्त होतं.

मी काय केलं ते सांगते. फाइलिंगची वेळ ठरवली, दुपारी १२ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ६. सगळ्यांना एकच निरोप पाठवला की ओटीपी याच वेळेत मागेन, त्या वेळी फोन जवळ ठेवा. पहिला महिना लोक रुसले. दुसऱ्या महिन्यात एक शेट स्वतःहून बाराला फोन करून "मॅडम, बसलोय" म्हणाले. त्यांनाही दिवसभर ओटीपीची धास्ती नकोच असते.

जे पैसे खर्चायला तयार आहेत त्यांची डिजिटल सही काढून घे. कंपनी आणि एलएलपीला (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) ती लागतेच, पण एकट्याच्या मालकीचा धंदा असला तरी चालते. तेवढे ओटीपी कमी.

---

खतावणी

लागलं. पण बरोबर आहे. काल सकाळी मी अकरा वेळा व्हॉट्सॲप उघडलं आणि काल एकही रिटर्न फाइल करायचं नव्हतं. ४ तारखेला कशाचा ओटीपी येणार?

डिजिटल सहीचं विचारते, पण आमचे टॉवेलवाले दोन हजारांच्या वर गोष्ट गेली की "दिवाळीनंतर बघू" म्हणतात.

---

जुना_जॉबर

ओ ताई, तुमचं सगळं वाचलं. नातीनं वाचून दाखवलं, टाइप पण तीच करतीय, चुका तिच्या.

मी ३८ वर्षं मागावर. त्यातली पहिली सहा विणकर म्हणून, बाकी जॉबर. माग बिघडला की पाना घेऊन पळायचं. माझे वडील जुन्या गिरणीत. १८७७ ची गिरणी ती. भोंगा वाजला की आमच्या गल्लीत बायका तवा उतरवायच्या. आता तुम्हाला वाटंल म्हातारा म्हणणार की आमच्या वेळी भोंगा होता, तुम्हाला भोंगा पाहिजे. नाही. भोंग्यानं माणूस फाटकापर्यंत येतो. माग भोंग्यानं चालू होत नाही.

माग कशानं चालू होतो? कांडी भरलेली असली तर होतो. तुम्ही मागवाल्याच्या घरच्या, तुम्हाला काय सांगायचं, पण बाकीचे वाचतील म्हणून सांगतो. मागात इकडून तिकडं पळतो तो धोटा, त्याच्यात कांडी असते, तिच्यावर आडवं सूत. ती संपली की माग थांबणार. म्हणून चांगला विणकर काय करतो, एक धोटा पळत असतानाच दुसऱ्या धोट्यात भरलेली कांडी बसवून हाताशी ठेवतो. पहिला थांबला की दुसरा आत. कापड बघणाऱ्याला कळतच नाही कधी बदलला. आणि पाळी सुटताना पुढच्या पाळीवाल्यासाठी भरल्या कांड्यांची टोपली मागाशेजारी असली पाहिजे. ज्या कारखान्यात टोपली रिकामी, तिथं सकाळची पाळी एक तास बिड्या ओढत उभी. मालक म्हणायचा माणसं कामचुकार. माणसं कामचुकार नव्हती ओ, कांडीवाली आदल्या संध्याकाळी लवकर घरी गेलेली असायची.

तुमची पिशवी म्हणजे सुताचा गठ्ठा आहे. गठ्ठा बघून कुणाचा हात चालत नाही. तुम्ही सकाळी येता आणि कांडी भरण्यापासून सुरुवात करता, तीही २२ मागांची. मी असतो तर मी पण बाटली धुतली असती.

रात्री उठताना एक कांडी भरून ठेवा. एकच. टोपलीभर नको.

---

बाईंचा_फळा

जॉबरकाकांना नमस्कार. मी शाळेत शिकवते, एम.ए. मानसशास्त्र. काकांच्या कांडीवर अभ्यास झालेला आहे, म्हणून लिहिते.

सोफी लेरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये मांडलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडं वळलं की लक्षाचा काही भाग मागच्या कामातच राहतो. त्या शिल्लक लक्षामुळं पुढचं काम निकृष्ट होतं. खतावणीताई, तुमच्या डोक्यात सकाळी साडेनऊला २२ अर्धवट खाती असतात. पुढं २०१८ मध्ये लेरॉय आणि थेरेसा ग्लोम यांनी त्यावर साधा उपाय तपासला. काम सोडताना कुठं थांबलो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं हे मिनिटभरात लिहून ठेवायचं. तसं लिहून गेलेल्यांचं लक्ष पुढच्या कामात जास्त चांगलं लागलं. काकांच्या भाषेत, दुसरा धोटा.

तर "उद्या पिशवी करायची" असं लिहू नका. "उद्या लाल शिक्क्याचं बिल, ओळ अमुक, रक्कम तपासायची" असं लिहा. हाताला कळलं पाहिजे.

खुर्ची १४, २१ दिवसांचं सोडून दे बाळा. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर जो अभ्यास केला त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाचा अंदाज पार २५४ पर्यंत गेला. आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून काही बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं. तू ९ व्या दिवशी चुकून सोडून दिलंस, चूक तिथं झाली.

---

अभ्यासिका_खुर्ची_१४

बाई, २५४ ऐकून पूर्वपरीक्षेच्या पुढं गेलो मी. पण कांडीचं आवडलं. आज उठताना पुस्तक बंद करायच्या ऐवजी पुढच्या पानावर प्रश्न लिहून आलोय.

---

खतावणी

काका, वाचून गप्पच बसले थोडा वेळ. माझी आई कांड्या भरायची. दुपारी जेवण झालं की चाकाशी बसायची, आम्ही शाळेतून यायच्या आत टोपली भरलेली. ती कशासाठी भरतेय हे मला कधी विचारावंसंच वाटलं नाही. नातीला सांगा, टायपिंग छान आहे.

आज रात्रीपासून करते. १५ दिवसांनी येऊन सांगते.

---

खतावणी, २० तारीख

आले. जसं घडलं तसं सांगते.

पहिल्या रात्री उत्साहात ४० बिलं तारखेनुसार लावली, क्लिपा लावल्या, रंगीत कागद चिकटवले. रात्रीचा एक वाजला. सकाळी त्या चळतीकडं बघून गॅलरीत गेले आणि कपडे वाळले का बघितलं. काकांनी एकच म्हटलं होतं, मी टोपली भरली.

दुसऱ्या रात्री एकच बिल. तेही अर्धं. म्हणजे बिलाचा नंबर टाकला, तारीख टाकली, रक्कम टाकायची ठेवली आणि उठले. लग्नपत्रिकेच्या पाकिटामागं लिहिलं, "ओळ ४७, सुताच्या कोनाचं बिल, रक्कम टाक, मग २बी त शोध." लॅपटॉप तसाच, फाइल उघडी. सकाळी बसले तर ती मोकळी चौकट दातात अडकलेल्या बडीशेपेसारखी टोचायला लागली. रक्कम टाकली. टाकली म्हणून २बी उघडलं. दहा वाजून दहा मिनिटांनी चहा आठवला, आणि तोपर्यंत १७ बिलं झाली होती.

फोन स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर. फक्त कॉल वाजतात. १२ ते १ ओटीपीचा निरोप सगळ्यांना पाठवला. दोघं रुसले, एकानं अंगठा दाखवला, मंडपवाल्यानं उत्तरात देवीचा फोटो पाठवला. तो होकार समजले.

१५ सकाळींपैकी ९ जमल्या. न जमलेल्या सहांपैकी तीन पाण्याच्या होत्या. आमच्याकडं चार दिवसांनी पाणी येतं, आणि टाकी, पिंप, हंडे भरत असताना कांडीबिंडी काही चालत नाही. आता पाण्याच्या दिवशी सकाळी बसायचंच नाही असं ठरवलंय. एक दिवस सासूबाईंना डॉक्टरांकडं नेलं. उरलेले दोन निव्वळ माझे. त्यातला एक सोन्याच्या भावाचा.

रात्रीचं जागणं नाही म्हणायला कमी झालंय, रात्री साडेनऊलाच टेबलावरून उठते. उन्हाचं म्हणाल तर दुपारी दोननंतर पंख्याखाली बसूनही डोकं चालत नाही, त्यामुळं सकाळचे हे दोन तास वाचणं म्हणजे दिवसच वाचणं आहे.

मागाच्या आवाजाचं सांगायचं राहिलं. भावाकडं अजून दोन माग चालतात. त्याला सांगून वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग मागवलं आणि लॅपटॉपवर हळू आवाजात लावलं. सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "कुठं बांधकाम काढलंय का गं?" पहिले तीन दिवस मस्त गेले, कुकर ऐकू येईना. चौथ्या दिवशी मला गाढ झोप लागली, टेबलावर डोकं ठेवून. नंतर कळलं, लहानपणी दुपारची झोपही मी त्याच आवाजात काढायचे. तो प्रयोग बंद.

घरात आता नवाच शब्द झालाय. परवा मुलगा गणिताची वही मिटत होता, मी म्हटलं थांब, उद्याच्या पहिल्या गणिताची नुसती मांडणी करून ठेव. तो म्हणाला, "कांडी भरू का?" त्याला कांडी म्हणजे काय माहीत नाही, त्यानं अजून बघितलेली नाही. रविवारी मामाकडं नेऊन दाखवणार आहे.

---

जुना_जॉबर

१५ त ९ म्हणजे चांगलं कापड आहे ओ. नव्या बीमला, म्हणजे उभ्या सुताच्या रुळाला, पहिले दिवस धागे तुटतातच. मुलाला नेताना धोटा हातात देऊन बघा, टोकाला लोखंड असतं, सांभाळून.

---

पुण्यात_अडकलेली

आज २० आहे बाई, आणि तू इथं काय करतेस?

---

खतावणी

साडेबारा वाजलेत, ओटीपीची वेळ चाललीय! फोन आत्ताच पिठाच्या डब्यावरून आणला. २२ पैकी २१ झाले, मागच्या महिन्यात या वेळेला ९ झाले होते. राहिला मंडपवाला, तो फोन उचलेना. आज लग्नाची तिथी असणार, कुठंतरी खांब रोवत असेल. उद्याची कांडी त्याचा ओटीपी आल्यावर भरते.